आई रोज रंकाळ्यावर चालते, तरी खुर्चीतून उठताना हात टेकावे लागतात. काय करावं?

रंकाळवेसकर

नमस्कार मंडळी. आई ७३ वर्षांची आहे, वजन ५५ किलोच्या आसपास. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो. घर जुनं, पुढच्या दाराला उंच उंबरा, माडीवर जायला अरुंद लाकडी जिना. आई पहाटे आवरून शेजारच्या बायकांबरोबर रंकाळा तलावाच्या काठानं चालायला जाते. पाऊस नसला तर खंड नाही. चालताना तिला धाप लागत नाही की पाय दुखत नाहीत. बरोबरच्या बायकांच्या पुढंच असते.

पण गेल्या वर्षभरात एक वेगळंच सुरू झालंय. प्लॅस्टिकच्या खुर्चीतून उठायचं तर दोन्ही हात दांड्यावर रेटून, एक-दोनदा झोका घेऊन उठते. केएमटीच्या बसची पहिली पायरी तिला चढवत नाही, मागून कुणीतरी आधार द्यावा लागतो. माघात जोतिबाचे खेटे कोल्हापुरातून पायी करणारी बाई ही! आता भजनात सतरंजीवर बसली की उठवायला दोघीजणी लागतात. त्याची लाज वाटून तिनं भजनाला जाणंच सोडलंय, आणि मला जास्त लागलंय ते हेच.

गुडघ्यांचा एक्स-रे काढला. वयाच्या मानानं थोडी झीज आहे, फार नाही. साखर नाही. थायरॉईड, बी-१२, डी जीवनसत्त्व ठीक. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले, वयोमानानुसार होतंच. एका ठिकाणी मशीनचा शेक घेतला, तेवढ्यापुरतं बरं वाटलं. घरात आता तिला कमोड केलाय, पाण्याचा तांब्यासुद्धा हातात देतो.

मला कळत नाही ते असं, की रोज एवढं चालूनही पायातली ताकद का जावी? आणि या वयात ती परत येते का, की आता जपूनच राहायचं?

कागलचा_पाहुणा

दादा, आमच्या घरी वडिलांचं असंच होतं. गुडघ्याला विश्रांती द्या, जिना बंद करा, खाली बसणं पूर्ण बंद. रात्री तेल लावून चोळा. उंच खुर्ची आणि उंच पलंग करून घ्या, फार फरक पडतो. या वयात ताकद वाढवायच्या भानगडीत पडू नये, पडल्या-झडल्या तर केवढ्याला पडेल?

घरोघरी_फिजिओ

दादा, मी कोल्हापुरात घरी जाऊन फिजिओथेरपी करते. माझ्याकडची बहुतेक माणसं साठीच्या पुढची. वरच्या पाहुण्यांनी मायेनं सांगितलंय, उंच खुर्चीचं म्हणणं सुरुवातीला मलाही मान्य आहे. पण विश्रांतीचं अजिबात नाही.

रंकाळ्याची वाट सपाट आहे. सपाटीवर चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूला त्याच्या ताकदीतला थोडाच भाग खर्चावा लागतो. खुर्चीतून उठताना सगळं अंग गुडघ्याच्या आणि खुब्याच्या जोरावर वर न्यायचं असतं, आणि बसची पायरी चढताना तर तो सगळा भार एकाच पायावर येतो. चालण्यानं दम टिकतो, हृदयाला चांगलं, झोपेला चांगलं, मैत्रिणी भेटतात. ते कधीच थांबवू नका. पण स्नायूची ताकद वाढते ती त्याला जड जाईल असं काम दिल्यावर, आणि ते काम अंगवळणी पडलं की पुन्हा थोडं जड केल्यावर. तालमीतल्या पोराला हे कुणी शिकवावं लागत नाही. आपल्या आईवडिलांना मात्र हे कुणी सांगतच नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

तिशीनंतर दर दहा वर्षांनी स्नायू साधारण ३ ते ८ टक्के घटतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद तर त्याहून लवकर उतरते. त्यातही झटकन आवळणारे तंतू जास्त झिजतात. म्हणून अडखळल्यावर पाय चटकन पुढं टाकून सावरणं जमत नाही आणि माणूस आडवं होतं. तेव्हा वयाचा भाग आहेच, डॉक्टर चुकीचं बोलले नाहीत. पण वयाचा आहे म्हणजे काही करता येत नाही असं नाही.

परत येते का, विचारलंत. येते. अमेरिकेत बोस्टनला १९९० साली वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या दहा माणसांना पायांचे वजनाचे व्यायाम दिले होते. आठ आठवड्यांत ज्यांनी ते पूर्ण केले त्यांची पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तो प्रयोग करणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्याच गटानं १९९४ मध्ये शंभर जणांवर मोठा प्रयोग केला, सरासरी वय ८७. त्यातही व्यायामवाल्यांची ताकद दुपटीवर गेली, चालण्याचा वेग आणि जिना चढण्याचा जोर सुधारला. ज्यांना नुसतं पौष्टिक पेय दिलं आणि व्यायाम दिला नाही, त्यांना तसा फायदा झाला नाही. तुमच्या आई तर अजून पंचाहत्तरीच्याही आत आहेत.

आधी मोजून घ्या. हाताची नाही अशी पक्की खुर्ची भिंतीला टेकवा, बसायची उंची ४३ ते ४५ सेंटिमीटर. हात छातीवर घडी. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण सरळ उभं राहून बसता येतं ते बघा. सत्तर ते एकोणऐंशी वयाच्या बाईंना दहापेक्षा कमी जमलं तर ते सरासरीच्या खाली आणि पडण्याचा धोका जास्त, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा तक्ता सांगतो. हात टेकावे लागले तर शून्य धरायचं. शून्य आलं तरी घाबरू नका, आपल्याला सुरुवात कुठून करायची तेवढंच त्यातून कळतं. तुम्ही शेजारी उभे राहा म्हणजे झालं.

आता मुख्य काम. मंगळवार पेठेत एक आजी आहेत, त्यांना पहिल्यांदा उठताना बघितलं तेव्हा मी फक्त त्यांचे पाय आणि बोटं बघत होते. टाचा गुडघ्यांच्या पुढं वीतभर लांब, पाठ खुर्चीला टेकलेली, दांडा इतका घट्ट धरलेला की नखं पांढरी पडलेली. त्या अवस्थेत धट्टाकट्टा माणूससुद्धा उठायचा नाही. त्यांना खुर्चीच्या कडेला सरकवलं, टाचा ओढून गुडघ्यांच्या थोड्या मागं घेतल्या, पावलांत वीतभर अंतर ठेवलं आणि सांगितलं, नाक पायाच्या बोटांच्या पुढं जाईपर्यंत वाका, मग जमीन पायानं खाली ढकला. खुर्चीवर घडी घातलेली वाकळ (गोधडी) ठेवली, म्हणजे बैठक उंच झाली. आजी हात न लावता उठल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "पोरी, परत करू काय?"

ती वाकळच आपलं वजनाचं यंत्र. जाड घडीवरून आठ ते दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा तेवढंच. शेवटच्या दोन वेळा जड गेल्याच पाहिजेत. अगदी सहज होत असेल तर घडी पातळ करा. वाकळ निघाली की छातीशी एक किलोचा गुळाचा रवा, म्हणजे छोटी ढेप, धरून उठायचं, पुढं दोन किलो. बसताना धप्पकन अंग सोडायचं नाही, मनात तीन म्हणेपर्यंत सावकाश टेकायचं. स्नायू कमवायचं निम्मं काम त्या सावकाश बसण्यात आहे. उठायचं मात्र जरा झटक्यात, कारण ते झटकन आवळणारे तंतू जागे करायचेत. श्वास कोंडू नका, उठताना सोडा. मोठ्यानं आकडे मोजायला लावलं की आपोआप सुटतो.

याबरोबर ओट्याला हात लावून टाचा उचलणं. तुमच्या घरचा उंबरा उंच आहे म्हणालात, चौकट धरून एक पाय वर ठेवून चढणं आणि मागं उतरणं, दोन्ही पायांनी. तोलासाठी एका पावलाच्या पुढं दुसरं पाऊल लावून उभं राहणं, हात ओट्याच्या जवळ. ताकदीचे व्यायाम आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून, आणि तोलाचे तीनदा किंवा जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीही याच बेताच्या आहेत.

आणि तो पाण्याचा तांब्या. दादा, प्रेमानं देताय हे कळतं. पण दिवसभरात ज्या दहा-वीस वेळा त्या उठल्या असत्या, तो त्यांचा फुकटचा व्यायाम तुम्ही काढून घेताय. तांब्या माठाजवळच राहू दे.

मंगळवार_पेठ_आण्णा

वरच्या ताईंनी बरोबर सांगितलंय. माझं वय ७६. लाल मातीत वाढलो. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत, १९१२ सालच्या त्या मैदानात, कुस्त्या बघत लहानाचा मोठा झालो. पन्नाशीनंतर पूर्ण बैठका सोडल्या, पण खिडकीचे गज धरून अर्ध्या बैठका आजही मारतो. मांडीवर चपाटा मारला की कळतं अजून जीव आहे.

मला वेगळंच सांगायचंय. पोरा, तुझ्या आईच्या वयाच्या बायकांना आमच्या गावानं तालमीची पायरी कधी चढू दिली नाही. पण त्यांची तालीम घरात होत होती. चुलीपुढं उकिडवं बसून भाकरी थापायची, आडाचं पाणी शेंदायचं, जात्यावर दळायचं, बसून झाडू मारायचा, खाली बसून धुणं. दिवसात शंभरदा उठबस. मग ओटा आला, नळ आला, गॅस आला, कमोड आला. चांगलंच झालं, त्यांचे कष्ट गेले. पण त्या कष्टांच्या जागी दुसरं काही आलं नाही. आम्हा गड्यांना तालीम सुटली तरी शड्डू आठवतो. बायकांना व्यायाम आपला असतो हेच कुणी सांगितलं नाही. म्हणून "आई, व्यायाम कर" म्हणशील तर ती हसून टाळेल. तिच्या भजनातल्या चौघीजणींना दुपारी बोलाव, एकीचं बघून दुसरी करेल.

दुधाचं बघ. आमच्याकडं गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूध पिऊन पैलवान घडले. तिला पेलाभर दूध दे.

सांगलीची_लेक

मध्येच विचारते. बाबा ८० चे, न्यूमोनियानं ॲडमिट होते. आजार बरा झाला, पण घरी आल्यावर पलंगावरून उठता येईना. दवाखान्यात त्यांना सारखं झोपवूनच ठेवलं होतं. त्यांनाही हे खुर्चीचं चालेल का? की आधी अंगात बळ येऊ द्यायचं?

घरोघरी_फिजिओ

ताई, बळ येईपर्यंत थांबलात तर ते येणारच नाही. २००७ मध्ये एक अभ्यास झाला होता: धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसतं अंथरुणात ठेवलं, तर पायांतला जवळजवळ एक किलो स्नायू गेला. ही आजारी माणसं नव्हती, हे लक्षात घ्या. बाबांचा ताप गेलाय आणि डॉक्टरांनी हालचालीला हो म्हटलंय, तर आजच पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवा. बसल्या बसल्या गुडघा सरळ करून पाच मोजायचं, एकेक पाय. मग पलंगाच्या उंचीवरूनच उठणं, पुढं दणकट टेबल किंवा वॉकर ठेवून. तीन-चार वेळाच, पण दिवसातून तीनदा. त्यांना काखेतून उचलू नका, खांदा दुखावतो. कमरेला पंचा किंवा पट्टा घट्ट बांधून तो धरा, आणि उठायचं काम त्यांनाच करू द्या. जमेल तेव्हा एकदा घरी फिजिओ बोलावून बघून घ्या, बाबांच्या बाबतीत ते गरजेचं वाटतं.

आण्णा, चुलीचं आणि आडाचं तुम्ही बोललात ते मी आता माझ्या प्रत्येक घरी सांगणार आहे.

रंकाळवेसकर

सगळ्यांचे मनापासून आभार. आण्णा, तुमचं ऐकून भजनातल्या काकूंना बोलावलं, त्या आल्या. ताई, मोजणी केली. हात न टेकता आईला एकदाही उठता आलं नाही, तिचा चेहरा पडला. मग पाय मागं घेऊन, जाड वाकळ घालून बसवलं तर उठली. आता चौघी मिळून करतात, शेजारच्या काकू आकड्यांऐवजी विठ्ठल विठ्ठल म्हणतात. वाकळेची तिसरी घडी आता निघालीय.

काही शंका आहेत. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, चालू ठेवावं का? गुडघ्यात कटकट वाजतं. एकदा उठल्यावर क्षणभर अंधारी आली म्हणाली. खाण्यात दुधाशिवाय काय वाढवू? पांढरा रस्सा दर रविवारी पिते ती आवडीनं. आणि समजा घरात कुणी नसताना पडली तर जमिनीवरून उठायचं कसं, हे शिकवता येतं का?

घरोघरी_फिजिओ

दादा, वाचून खूप आनंद झाला. विठ्ठल म्हणताना श्वास आपोआप सुटतो, तेच चालू द्या.

मांड्या भरून येणं ठीक आहे, दोन दिवसांत उतरतं. म्हणूनच मध्ये एक दिवस सोडायचा. सांध्याच्या आत टोचल्यासारखं दुखलं किंवा गुडघा सुजला तर मात्र उंची वाढवा आणि दाखवून घ्या. नुसतं वाजत असेल, दुखत नसेल, तर काळजी नको. जिन्यावर चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, कठडा धरून.

अंधारी मला हलकी वाटत नाही. पाच मिनिटं आडवं पडून राहिल्यावर रक्तदाब मोजा, मग उभं राहिल्यावर एक मिनिटानं आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरत असेल तर डॉक्टरांना ते आकडे दाखवा, गोळीचा डोस किंवा वेळ त्यांना बदलावी लागेल. तुम्ही आपल्या मनानं गोळी बंद करू नका. झोपेची गोळी चालू असेल तर तेही सांगा, तिच्यानं पडण्याचा धोका वाढतो. तोवर उठल्यावर खुर्ची धरून दहा मोजायचे आणि मगच पाऊल टाकायचं.

खाण्याचं. या वयात किलोमागं रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत, म्हणजे आईंना ५५ ते ६६ ग्रॅम. चहा-चपाती, भात-आमटीवर राहणाऱ्या बायका त्याच्या निम्म्यावर असतात असं मला घरोघरी दिसतं, आणि घरातली शेवटची वाटी आपल्याच पानात न घेण्याची त्यांची सवय काही जात नाही. पाव लिटर म्हशीच्या दुधात साधारण ९ ग्रॅम, एका अंड्यात ६. मटकी-हरभऱ्याची घट्ट उसळ, पिठलं, दही, मूठभर शेंगदाणे. पांढरा रस्सा चवीला उत्तम, पण त्यात प्रथिनं नावापुरती. मटणाच्या फोडी पानात पडल्या पाहिजेत. दात नसतील तर खिमा करून द्या. सगळं रात्रीच्या जेवणात न ढकलता तिन्ही वेळा वाटून द्या. एक अट: क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर हे आकडे तुमच्यासाठी नाहीत, डॉक्टर सांगतील तेवढंच.

जमिनीवरून उठणं शिकवता येतं, शिकवावंच. पडल्याची भीती बसली की माणूस हालचाल कमी करतं आणि त्यानंच पुन्हा पडतं. गादीवर सराव घ्या, तुम्ही दोघं घरात असताना. पाठीवरून कुशीवर वळायचं. कोपरावर, मग हातावर जोर देऊन बसायचं. तिथून दोन्ही हात-गुडघ्यांवर यायचं आणि रांगत जवळच्या पक्क्या खुर्चीपर्यंत किंवा खाटेपर्यंत जायचं. प्लॅस्टिकची खुर्ची नको, ती सरकते. दोन्ही हात बैठकीवर ठेवायचे, ज्या पायात जास्त जोर आहे त्याचं पाऊल पुढं घेऊन जमिनीवर टेकवायचं, हात आणि तो पाय एकदम रेटायचा, आणि वर आल्यावर वळून बसायचं. गुडघ्याखाली उशी घ्या, नाहीतर फरशी टोचते. पहिल्या दिवशी नुसतं हात-गुडघ्यांवर येणं जमलं तरी पुरे.

पण खरोखर पडल्या, आणि खुबा किंवा जांघ दुखतेय, पायावर भार देता येत नाही, किंवा एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतोय, तर हे काहीही करायचं नाही. उचलून बसवायचं नाही, चोळायचं नाही. पांघरूण घाला आणि १०८ ला फोन करा. मोबाईल चार्जिंगला भिंतीवर उंच टांगून ठेवायची घरोघरी पद्धत आहे. आईंचा फोन त्यांच्या कमरेच्या पिशवीत राहू दे, पडलेल्या अवस्थेत हाताला लागेल असा.